अप्पांच्या गाडीतून काढलेलं इंजिन

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ते इंजिन मेलेलं नव्हतं.

जाम झालं होतं, एवढंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रीनं किकवर पाय देऊन पाहिला, वाकून तेलाचा वास घेतला आणि म्हणाला, "बोअर मारू, नवा पिस्टन टाकू. सर, लई दिवस जातीय ही अजून." उद्या आणतो म्हणून मी गाडी ढकलत घरी आणली आणि जिन्याजवळ लावली. ती मी पुन्हा त्याच्याकडं नेली नाही. त्यानंतर मी जे काही केलं ते गरज म्हणून केलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेले तेव्हा ती दुरुस्तीसाठी लातूरला माझ्याकडं होती आणि तशीच राहिली. किल्लारीच्या पलीकडं आमचं शेत आहे. तिथं शेतातच घर आहे आणि माझा मोठा भाऊ, अण्णा, आईला घेऊन तिथं राहतो, शेत करतो. घराच्या अंगणातून ओढ्याचं वळण दिसतं. औशाच्या बाजारातून परत येताना अप्पा त्या वळणावर गाडी थांबवायचे, न्यूट्रल करायचे आणि दोनदा रेस द्यायचे. घर्रर्र, घर्रर्र. तेवढ्यावर आई उठायची आणि तवा ठेवायची. अप्पा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. हे इतकी वर्षं चाललं की आम्हा भावांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

अप्पांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा अण्णाचा फोन आला. अण्णा फोनवर कामापुरतं बोलतो.

"बारक्या, अप्पाची गाडी तुझ्याकडं पडून हाय."

"हो अण्णा."

"चालू कर अन् येळवशीला तिच्यावरच ये. आईला वळणावरनं आवाज यायला पायजे. एवढंच कर."

"हो, चालू करून आणतो," मी म्हणालो. येळवशीच्या सणाला अजून काही महिने होते.

अण्णानं माझ्याकडं आजवर फारसं काही मागितलेलं नाही. शेत त्यानं सांभाळलं, आईला त्यानं सांभाळलं, शेवटी अप्पांना त्यानं उचलून खाटेवरून इकडंतिकडं केलं. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. त्यानं मागितलं ते एवढंच, तो आवाज. आणि मी फोन ठेवला तेव्हाही माझ्या डोक्यात दुसरंच चाललेलं होतं.

ते दुसरं काय, हे सांगायचं तर थोडं लाजिरवाणं आहे. मी वीसेक वर्षं मोटार शिकवतो. चुंबक, तारेचं वेटोळं, डाव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना. माझी बोटं झोपेतही बरोबर दिशा दाखवतील. पण मोटार उघडून आत पाहिली होती का, असं कुणी विचारलं असतं तर मला विषय बदलावा लागला असता. लातूरला इलेक्ट्रिक रिक्षा आल्या तेव्हापासून हे टोचायला लागलं. सकाळी क्लासला जाताना एखादी रिक्षा कुणा बाईला घेऊन सुळकन शेजारून जायची. मी फळ्यावर काढतो ते चित्र या बाईच्या सीटखाली फिरतंय, आणि मला त्याबद्दल परीक्षेत विचारतात तेवढंच माहीत आहे, असं वाटायचं. जिन्याजवळ एक मोटारसायकल उभी, तिचं इंजिन जाम. मग ती विजेवर चालेल का, हा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेचना.

मोटार मी नांदेडहून आणली. तिथं एक माणूस अपघातातल्या, जुन्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि रिक्षा खोलून त्यांचे भाग विकतो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मी एक मोटार उचलून पाहिली, तिचा दांडा बोटांनी फिरवला. सरळ फिरला नाही, अडत अडत, टप्प्याटप्प्यानं फिरला. आतली चुंबकं एकेक करून पुढं येत होती आणि बोटांना ते कळत होतं. मी ते इतका वेळ करत बसलो की दुकानदार म्हणाला, "सर, घ्यायची हाय का नुसतंच फिरवून राहिले?"

परतताना एसटीत मोटार पोत्यात घालून पायाशी ठेवली. कंडक्टरनं पोत्याला बुटानं ढोसलं.

"काय हाय?"

"मोटार."

"विहिरीवरची?"

"नाही, मोटारसायकलची."

"मंग मोटारसायकल कुठं हाय?"

"घरी."

"मोटारसायकल घरी, मोटार गाडीत," तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "अन् सामानाचं तिकीट मीच काढायचं का?" अहमदपूर येईपर्यंत मागच्या सीटवरचे दोघं हसत होते. मीही हसलो. बऱ्याच दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

इंजिन काढलं त्या रविवारी बायको मदतीला होती. साखळी सोडवली, कार्बोरेटर काढला, सायलेन्सर उतरवला, बोल्ट सैल केले. इंजिनाचं सगळं वजन आमच्या दोघांच्या हातावर आलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मोठ्या भावजींना विचारलंत का?"

"सांगेन."

"सांगण्याचं नाही विचारलं मी. विचारलंत का?"

 इंजिन खाली ठेवलं. त्याच्या पात्यांमध्ये काळी माती वाळून घट्ट बसली होती, ओढ्याची. तिच्यात ज्वारीचं एक पानही होतं. ती माती मी खरवडली नाही. इंजिन तसंच पोत्यात घालून जिन्याखाली सरकवलं. बायको हात धुता धुता म्हणाली, "मी आपणहून सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

त्यानंतरचे महिने मी फार मजेत घालवले. ते लपवणंही बरोबर होणार नाही. इंजिनाच्या जागी मोटार बसवायला पोलादी पट्टी लागणार होती. तिचा नमुना मी पेढ्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापला. चार वेळा कापला, कारण भोकं जुळत नव्हती. मोटारीची साखळी मागच्या चाकाच्या दातेरी चकतीशी एका रेषेत यावी म्हणून दोरा ताणून पाहिला, तर गाडीची चौकटच एका बाजूला किंचित वाकलेली निघाली. अप्पा कधीतरी कुठंतरी पडले असणार, आणि त्यांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. वेल्डिंग एमआयडीसीतून करून घेतलं. बॅटरीचे सेल ट्रान्सपोर्टनं आले. ते जोडून मी पत्र्याच्या पेटीत बसवले, पेटी टाकीखाली घेतली आणि तिला काळा रंग दिला. लांबून पाहिलं तर इंजिनच वाटावं. तो रंग मी तेवढ्यासाठीच निवडला होता का, हे माझं मलाच आज नीट सांगता येत नाही.

टाकी मात्र तीच ठेवली. तिच्या दोन्ही बाजूंचा रंग अप्पांच्या गुडघ्यांनी घासून गेला होता. ती रिकामी करून, धुऊन, वाळवून तिच्या तोंडातच चार्जिंगची सॉकेट बसवली. झाकण उघडायचं, पेट्रोलऐवजी वायर घालायची. ही कल्पना सुचली त्या दिवशी मी घरभर हिंडत होतो.

बॅटरी कंट्रोलरला, म्हणजे मोटारीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या डब्याला, पहिल्यांदा जोडली तेव्हा फट्कन ठिणगी उडाली आणि वायरचं टोक काळं पडलं. मी मागं पडलो. मग लक्षात आलं की कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतात, रिकामे कपॅसिटर एकदम वीज ओढतात. हे मी दर वर्षी शिकवतो. मुलांना मी सूत्र सांगितलं होतं, ठिणगी सांगितली नव्हती. मधे एक रेझिस्टन्स लावून आधी हळू भरायचं आणि मग स्विच द्यायचा, हे करून पाहिलं. ठिणगी उडाली नाही. मी स्विच काढून पुन्हा लावला, पुन्हा काढून पुन्हा लावला.

चाक पहिल्यांदा फिरलं ते उलटं. गाडी स्टँडवर होती, मी मूठ पिळली, आणि मागचं चाक मागं पळायला लागलं. बायको टँकरच्या पाण्याचे ड्रम भरत होती. ती थांबून पाहत राहिली.

"चालली की," ती म्हणाली.

"उलटी चालली."

"मग पुढं जायला शिकवा तिला. तुमचा धंदाच आहे तो."

दोन वायरींची अदलाबदल केली आणि चाक पुढं फिरलं. आवाज म्हणजे बारीक गुणगुण, पिठाची गिरणी फार लांब असावी तशी. मी कान लावून ऐकलं. आणि त्याच क्षणी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट, अण्णाचं वाक्य आठवलं. आईला वळणावरनं आवाज यायला पायजे.

तेव्हा तरी फोन करायला हवा होता. मी केला नाही. अण्णाचाच आला. "झाली का चालू?" मी म्हणालो, "झाली." ते खरं होतं, आणि मी ते खोटं बोलल्यासारखं बोललो.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला ती सांगून पटत नाही. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते संचारबंदी लागल्यासारखे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा होते, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली गार आंबट आंबील. ज्याचं शेत नाही त्यालाही जेवायला शेत मिळतं, कारण रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची आणि हाक आली की थांबायचं, असाच रिवाज आहे. बायको आदल्या दिवशीच वहिनीला मदत करायला बसनं पुढं गेली.

मी सकाळी निघालो ते मोठ्या रस्त्यानं नाही. अशी घरी बदललेली गाडी आरटीओच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर काढणं नियमात बसत नाही, आणि मंजुरी मी मागितलेलीही नव्हती. मुलांना शिस्त शिकवणारा माणूस चोरासारखा औशाच्या अलीकडं आडवळणाला लागला. बॅटरीचा हिशेब मी करून ठेवला होता. शेत गाठून थोडी उरेल इतकी होती. परत येण्यापुरती शेतावरच्या विजेवर भरणार होतो. फक्त येळवशीच्या दिवशी आतल्या रस्त्यानं जायचं म्हणजे किती शेतांवरून जायचं, हे हिशेबात धरलं नव्हतं.

पहिल्याच शेतातून हाक आली. "ओ सर! आंबील घेऊन जा की!"

थांबलो. आंबील प्यालो. एक म्हातारे धोतर सावरत गाडीभोवती फिरले.

"बंद हाय का चालू?"

"चालू आहे."

"मंग आवाज?"

"नाही येत."

"गरिबाची चेष्टा करता व्हय!"

मी मूठ जराशी पिळून गाडी हातभर पुढं नेली. म्हातारे मागं सरकले आणि मग मोठ्यानं हसले. "आगं ए, बघ इकडं! बिनइंजनाची गाडी हाय!" कोपीतली सगळी माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "एक चक्कर मारून बघू का?"

आता ज्याची आंबील पोटात आहे त्याला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर मला म्हणायचंही नव्हतं. इतके महिने मी एकटाच त्या गुणगुणीला कान लावून होतो. आता माणसं विचारत होती. पेट्रोल कुठं जातं, शॉक बसतो का, पावसात कसं. मी काठीनं मातीत वेटोळं काढून दाखवत होतो, आणि क्लासमध्ये कधी दिसत नाही असं लक्ष देऊन माणसं ऐकत होती. पुढच्या शेतातही तेच. तिथं एका बाईनं पदर खोचला आणि विचारलं, "बाईमाणसाला चालवता येती का ही?" गिअर नाही, क्लच नाही म्हटल्यावर ती बसली आणि तुरीच्या कडेनं अशी गेली की तिचा नवराच ओरडला, "आगं, परत ये! भज्जी कोण वाढंल?" तिसऱ्या शेतात तिघं एकदम बसले आणि विहिरीपर्यंत जाऊन आले. पुढच्या शेतांची गोष्ट वेगळी नाही.

मी मीटरकडं पाहत नव्हतो असं नाही. आकडा जवळजवळ हलतच नव्हता. म्हणून मी निश्चिंत होतो. या जातीच्या बॅटरीचा आकडा शेवटपर्यंत तसाच राहतो आणि मग कड्यावरून पडावा तसा पडतो. ती वक्ररेषाही मला माहीत होती. कागदावर.

ओढ्याचं वळण कोसभरावर असताना गाडी गप्प झाली. गप्प ती आधीच होती. आता हलायचीही थांबली. ऊन डोक्यावर आलं होतं. मी उतरलो आणि ढकलायला लागलो. बॅटरीनं तिचं वजन वाढलं होतं आणि चाकांना काळी माती धरत होती.

वळणावर छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यावर अण्णा बसला होता. सकाळपासून बसला असणार, कारण त्याच्या आसपास शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. मला ढकलताना पाहून तो उठला, आणि मला वाटलं आता ओरडेल. तो हसला. अण्णा असा सगळे दात दाखवून हसलेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"पडली न्हव का बंद? अप्पाची गाडी हाय ती. ढकलल्याबिगर घरला येतच न्हाई!"

तो सरळ मागं आला आणि कॅरिअरला दोन्ही हात लावले. लहानपणी आम्ही असंच ढकलायचो. अप्पा वर बसलेले, आम्ही दोघं मागं, आणि गाडी सुरू झाली की धुराच्या भपक्यात आम्ही तोंडावर पडायचो. पुलाचा चढ आम्ही तसाच चढलो. त्याचा श्वास मला मागून ऐकू येत होता. त्या थोड्या अंतरात तो खूश होता, आणि कशावर खूश आहे हे मला माहीत होतं.

वर आल्यावर तो म्हणाला, "लई जड झाली की रं ही. थांब, पेट्रोल हाय का बगू." अप्पांसारखंच त्यानं टाकीचं झाकण उघडलं, गाडी दोन्हीकडं हलवली आणि आत डुचमळतंय का म्हणून कान लावला. मग डोळा लावला.

"ह्ये काय हाय?"

"चार्जिंगचं आहे, अण्णा."

तो खाली बसला. काळ्या पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पत्र्याचा आवाज आला.

"इंजिन?"

"लातूरला आहे. पोत्यात."

"जळलं होतं का?"

इथं हो म्हणणं फार सोपं होतं. त्यानं प्रश्नच असा विचारला होता की मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कदाचित त्यानं मुद्दामच तसा विचारला असेल.

"नाही," मी म्हणालो. "मिस्त्री चालू करून देणार होता."

"मंग?"

"मला बघायचं होतं. विजेवर चालते का ते."

अण्णा ओढ्याकडं पाहत राहिला. ओढ्यात पाणी थोडं होतं. त्यानं विचारलं, "मंग चालती म्हणतोस, तर बंद कामून पडली?"

मी सांगितलं. आंबील, म्हातारे, पदर खोचलेली बाई, विहिरीपर्यंत गेलेले तिघं. कुणालाच नाही म्हणता आलं नाही.

"म्हंजी," अण्णा सावकाश म्हणाला, "गावभर चक्कर वाटत आलास, अन् सख्ख्या भावाला ढकलायला लावलंस."

त्यानं पुन्हा कॅरिअरला हात लावला. तशीच ढकलत आम्ही ती घरापर्यंत आणली.

आई कोपीच्या तोंडाशी उभी होती. "आवाज आला न्हाई रं," ती म्हणाली. माझ्याआधी अण्णाच बोलला, "बंद पडली." तेवढंच. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा ताटं मांडायला लागली. आईनं गाडीच्या सीटवर तळहात फिरवला, टाकीवर, गुडघ्यांच्या त्या जागी फिरवला. काळ्या पेटीकडं तिचं लक्ष गेलं की नाही, मला कळलं नाही.

पूजा झाली, आंबील पिकात शिंपडून झाली, जेवणं झाली. त्या आठवड्यात शेताच्या विजेची पाळी दिवसाची होती. अण्णानं पंपाच्या खोलीतून वायर ओढून आणली, मी टाकीत प्लग घातला. चार्जरचा पंखा फिरायला लागला. शेजारच्या शेतांतली माणसं जमली, तेच प्रश्न झाले, आणि थोडी बॅटरी भरल्यावर चकराही झाल्या. वहिनीही बसली. अण्णा लांब लिंबाखाली बसून होता. मीच गाडी त्याच्यापर्यंत नेली.

"अण्णा, एक चक्कर मार."

"मला नगं."

"एकदा बघ तरी."

"नगं म्हणलं की."

पण माझ्या लक्षात आलं की तो गाडीकडं बघत होता. कुणी बसलं की त्याची मान बांधापर्यंत त्यांच्या मागं जायची आणि त्यांच्याबरोबर परत यायची. ऊन कलल्यावर मी निघालो तेव्हा तो जवळ आला. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं मागच्या चाकाची साखळी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"सैल हाय," तो म्हणाला. "अन् ते इंजिन आण इकडं. पोत्यात घालून ठेवायची वस्तू हाय का ती?"

दुसऱ्याच दिवशी मी पोतं बाहेर ओढलं. मिस्त्रीला सांगून बोअर मारून घेतला, नवा पिस्टन टाकला. त्यानं इंजिन लाकडी फळीवर बांधून दुकानातच सुरू केलं. सुटं इंजिन, खाली चाक नाही, आणि आवाज तोच. मी बराच वेळ तिथं उभा होतो. मिस्त्री म्हणाला, "सर, गाडीत बसवायचं न्हाई म्हणता, मंग ह्याचं करायचं काय?"  अण्णानं आण म्हटलं होतं, म्हणून मी नेत होतो.

आरटीओत जाऊन चौकशी केली. माझ्या गाडीचं प्रकरण सोपं नाही, एवढं कळलं. ते निस्तरेपर्यंत गाडी बाहेर काढू नये हेही कळत होतं. तरी एकदा काढली. तेवढं एक अजून माझ्या नावावर आहे. कॅरिअरवर पोतं टाकून त्यावर इंजिन ठेवलं, दोरीनं आवळलं, आणि गाडी आपलंच जुनं इंजिन पाठीवर घेऊन निघाली. वाटेतल्या शेतात ते धोतरवाले म्हातारे होते. त्यांनी हात केला. मी ओरडलो, "आज चक्कर नाही, बाबा!" ते मागून ओरडले, "आता इंजिन मागं बांधलंय व्हय! अक्कल बी हाय का मागं?"

अण्णा अंगणात होता. त्यानं दोरी सोडली, इंजिन वासरू उचलावं तसं पोटाशी धरून उचललं आणि गोठ्याजवळ नेऊन ठेवलं. तिथं त्यानं लोखंडी नळ्यांची एक चौकट जोडून ठेवलेली होती, एक चाक आणि मागं तीन फाळ. कोळपणीचं यंत्र. आमच्याकडं काही शेतकरी मोटारसायकलचं इंजिन लावून असं बनवतात. इंजिनासाठी त्यानं पट्टी कापली होती आणि तिची भोकं जुळत नव्हती. बाजूला पुठ्ठ्याचा नमुना पडला होता, तोही दोनदा कापलेला.

मी पुठ्ठा उचलला. "भोकं आधी पुठ्ठ्यावर इंजिन ठेवूनच मारायची, अण्णा. मी चार वेळा चुकलो."

"तू चार वेळा चुकलास?"

"हो."

त्याला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. दुपारभर आम्ही ती पट्टी करत होतो. यंत्र त्या दिवशी उभं राहिलं नाही. एक बोल्ट लांबीला कमी पडला. अण्णानं हात पुसले, माझ्या गाडीकडं पाहिलं, आणि बाजारात जायचं असावं तसा म्हणाला, "किल्ली आण."

तो बसला. सवयीनं त्याचा उजवा पाय किकसाठी उचलला गेला, हवेत थांबला आणि परत खाली आला. मग तो गेला. बांधावरून, ओढ्याकडं, काही आवाज न करता. करडीतली पाखरंसुद्धा उडाली नाहीत. आई ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो.

वळणावर पोचून तो घराकडं वळला आणि तिथंच थांबला. लांबून तो टाकीएवढाच दिसत होता. मग गाडीनं एकदम पुढं हिसका दिला आणि थांबली. पुन्हा एक हिसका दिला, जवळजवळ करडीतच गेली, आणि थांबली. या गाडीला न्यूट्रल नाही. मूठ पिळली की ती पुढंच पळते. त्यानं काय करून पाहिलं ते माझ्या लक्षात यायच्या आधीच आई म्हणाली, "रेस केली बघ त्यानं."

आणि गुडघ्यावर हात टेकून भाकरी टाकायला उठली.